डोळ्यांच्या मापाचा पडदा

साठीच्या आसपासच्या माणसाला घरच्यांनी हौसेने नवा लॅपटॉप घेऊन दिला की आठवडाभरात तक्रार येते, ‘जुन्यावर मला नीट दिसत होतं, यावर अक्षर फार बारीक आहे.’ मुलं म्हणतात, डोळे तपासून घ्या. डोळे तपासायला हवेतच, पण तक्रार खरी असते. पूर्वीच्या १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्यावर बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असत. आज तेवढ्याच पडद्यावर १९२० आणि १०८० असतात. पडदा तेवढाच राहिला आणि ठिपके वाढले, म्हणजे एकेक ठिपका लहान झाला. पूर्वीइतक्याच ठिपक्यांत काढलेलं अक्षर या पडद्यावर जवळजवळ ३० टक्क्यांनी बारीक दिसतं. डोळ्यांचा नंबर मुळीच वाढला नसला तरी हे घडतं.

दुकानातून आलेलं यंत्र कुणाच्याही डोळ्यांसाठी जुळवलेलं नसतं. नंतर ते जुळवून देतो घरातला सर्वांत तरुण माणूस, आणि तोही नकळत स्वतःच्या डोळ्यांना विचारून. त्याला १०० टक्क्यांवर छान दिसतं, म्हणून तो तिथेच थांबतो. हा क्रम उलटा करायला हवा. ज्याने रोज वापरायचं त्याने आपल्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या चष्म्यात आणि नेहमीच्या उजेडात बसून प्रत्येक बदल स्वतः पाहावा आणि ‘आता पुरे’ हे त्यानेच म्हणावं. कळा दाबायला नातवाची मदत जरूर घ्या, निर्णय मात्र तुमचा असू द्या. तासाभराचं काम आहे.

आधी डोळ्यांत काय बदलतं ते थोडक्यात पाहू, कारण सेटिंग त्यावरच ठरतं. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लवचीक राहत नाही आणि जवळचं पाहताना त्याला पुरेसा बाक येत नाही. पुढे बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंगात पिवळसरपणा येतो, त्यामुळे आत पोचणारा उजेड कमी होतो. तिसरा बदल सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांतला फरक ओळखण्याची ताकद घटते. काळं अक्षर दिसतं, पण फिकट करड्या रंगातलं तेवढंच मोठं अक्षर पुसल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं अक्षर मोठं करून भागत नाही. आकार, उठाव आणि उजेड या तिन्हींकडे पाहावं लागतं.

आकारापासून सुरुवात करू. इथे एक चुकीचा उपाय फार रुळला आहे. अक्षर बारीक आहे म्हटलं की दुरुस्तीवाला रिझोल्यूशन, म्हणजे वापरात येणाऱ्या ठिपक्यांची संख्या, कमी करून देतो. अक्षर मोठं होतं हे खरं, पण ते विस्कटतं. पडद्यावर ठिपके प्रत्यक्षात जेवढे आहेत तेवढेच वापरले तर अक्षराच्या कडा स्वच्छ येतात. कमी वापरायला सांगितले की एका ठिपक्याचा भाग दुसऱ्यात मिसळून कडा धूसर होतात. ज्याला आधीच धूसर दिसतं त्याला आणखी धूसर अक्षर देणं हा काही उपाय झाला नाही. रिझोल्यूशनच्या रकान्यात ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तोच ठेवावा आणि त्याच पानावरचं ‘स्केल’ वाढवावं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग डिस्प्ले असं गेलं की स्केल सापडतं. तिथे १००, १२५, १५०, १७५ असे टप्पे असतात. स्केल वाढवलं की अक्षरं, चित्रं, बटणं, खिडक्यांच्या चौकटी असं सगळं एकत्र मोठं होतं आणि कडा धारदार राहतात. १५.६ इंची लॅपटॉपवर साठीच्या माणसाने १५० पासून पाहायला सुरुवात करावी. कमी वाटलं तर पुढचा टप्पा.

स्केल खूप वाढवलं की एक अडचण येते. काही जुन्या प्रोग्रामांच्या खिडक्या पडद्याबाहेर जातात आणि खालचं ‘ओके’ किंवा ‘सेव्ह’ बटण दिसेनासं होतं. घाबरू नका. टॅबची कळ दाबत गेलं की निवड एकेका बटणावरून पुढे सरकते, आणि बहुतेक खिडक्यांत नुसतं एंटर दाबलं तरी मुख्य बटण दाबलं जातं. असं वारंवार होत असेल तर स्केल एक टप्पा खाली आणा आणि उरलेली भर अक्षरांच्या आकारातून काढा.

ती सोय वेगळ्या ठिकाणी आहे. विंडोजची कळ दाबून ठेवून यू दाबा, ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडेल. विंडोज १० मध्ये याच पानाचं नाव ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ आहे, कळ तीच. त्यात ‘टेक्स्ट साइझ’ नावाची पट्टी आहे. ती १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते आणि सरकवताना नमुन्याचं वाक्य मोठं होताना दिसतं. मनासारखं झालं की ‘ॲप्लाय’ दाबायला विसरू नका, नुसती पट्टी सरकवून काही होत नाही. इथे फक्त अक्षरं वाढतात, चित्रं आणि बटणं तेवढीच राहतात. काही जुने प्रोग्राम या पट्टीला जुमानत नाहीत, हेही माहीत असावं. माझा सल्ला असा की आधी स्केल ठरवावं आणि मग हवी तेवढी भर या पट्टीने घालावी. दोन्ही एकदम वाढवलं तर नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही.

इंटरनेटवर वाचताना ब्राउझरची स्वतःची वाढ वापरावी. कंट्रोलची कळ धरून अधिकचं चिन्ह दाबलं की पान मोठं होतं, वजा दाबलं की लहान, आणि शून्य दाबलं की मूळ आकार परत येतो. माउसला चाक असेल तर कंट्रोल धरून ते फिरवलं तरी हेच होतं. क्रोम प्रत्येक संकेतस्थळासाठी ही वाढ लक्षात ठेवतो, म्हणून वर्तमानपत्राचं पान १५० वर आणि रेल्वे आरक्षणाचं १२५ वर असं वेगवेगळं ठेवता येतं. सगळीच पानं मोठी हवी असतील तर सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स’खाली ‘पेज झूम’ एकदाच वाढवून ठेवावं. तिथेच ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’मध्ये ‘मिनिमम फॉन्ट साइझ’ आहे. तो वाढवला की पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या अटीही वाचता येतात, आणि पैशाच्या व्यवहारात त्या वाचाव्यातच. बँकेची काही पानं फार मोठी केली की त्यांची मांडणी कोलमडते आणि पुढे जाण्याचं बटण उजवीकडे निघून जातं. तेवढ्यापुरतं कंट्रोल-शून्य दाबून काम उरकावं.

जाहिरातींच्या गर्दीत लेख शोधावा लागत असेल तर फायरफॉक्स किंवा एजमध्ये एफ-९ दाबून पाहा. ज्या पानांना ही सोय लागू पडते तिथे नुसता मजकूर समोर येतो आणि अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, पार्श्वभूमीचा रंग सगळं बदलता येतं.

वर्डमध्ये दोन गोष्टींचा घोटाळा नेहमी होतो. खाली उजव्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून किंवा कंट्रोल धरून चाक फिरवून जे मोठं होतं ते फक्त तुमच्या डोळ्यांसाठी असतं, छापील पान होतं तसंच निघतं. वर फॉन्टचा आकडा बदलला तर मात्र कागदावरचं अक्षरही मोठं होतं. स्वतः वाचण्यासाठी पहिला मार्ग वापरावा. सोसायटीच्या सभेची सूचना ज्येष्ठांच्या हाती द्यायची असेल तेव्हा दुसरा.

आता आपल्या लिपीबद्दल, कारण इंग्रजीसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत हे कुठेच सापडत नाही. देवनागरीत एकाच अक्षराच्या वर, खाली आणि पोटात खुणा असतात. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि जोडाक्षरात दोन-तीन व्यंजनं एकाच जागेत दाटलेली. अनुस्वार म्हणजे एक टिंब. ते दिसलं नाही तर ‘सांगितलं’ आणि ‘सांगितल’ यांत फरक उरत नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष या जोड्या बारीक अक्षरात एकमेकींसारख्या दिसतात. म्हणून ज्या आकारात इंग्रजी सहज वाचता येतं त्याच आकारात मराठी वाचता येईलच असं नाही. सेटिंग ठरवताना समोर मराठी मजकूर ठेवा. शब्दाच्या अंदाजाने वाचू नका. ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘दृष्टिपटल’ असे शब्द घ्या आणि त्यातली प्रत्येक खूण वेगळी दिसते का ते पाहा.

मराठी टंक निवडताना जाड-बारीक फटकाऱ्यांचे, कलम फिरवल्यासारखे टंक लग्नपत्रिकेसाठी ठेवावेत. वाचायला सारख्या जाडीचे, मोकळ्या पोटाचे टंक बरे. विंडोजमध्ये आधीपासून असलेला निर्मला चांगला चालतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी विनामूल्य मिळतो, आणि दोन्हींत बारीकपासून ठळकपर्यंत अनेक जाड्या आहेत. दृष्टी कमी असलेल्यांनी ‘लाइट’ जाडी टाळून ‘मीडियम’ घ्यावी. फार ठळकही नको, कारण त्यात जोडाक्षरांची पोटं बुजतात. वर्डमध्ये मराठी १६ किंवा १८ आकारात आणि ओळींमधलं अंतर दीडपट ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकत नाहीत. एक सावधगिरी मात्र बाळगा. तुमच्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांतल्या जुन्या फायली असतील तर त्यांचा टंक बदलू नका, सगळा मजकूर अगम्य चिन्हांत जाईल. तिथे फक्त दृश्य मोठं करून वाचावं.

उठावाकडे वळू. हल्ली संकेतस्थळं पांढऱ्यावर करडी अक्षरं छापतात. वेबच्या सुगम्यतेसाठी डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने घालून दिलेल्या मानकानुसार साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असायला हवं. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळं असेल तर ते २१ ला १ असतं. वाचकाच्या हातात ॲक्सेसिबिलिटीतलं ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ आहे. त्यात ॲक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय अशा चार तयार जोड्या मिळतात. डेझर्टची पार्श्वभूमी उजळ आहे, बाकीच्यांची गडद. पहिल्यांदा लावल्यावर सगळं विचित्र दिसतं, म्हणून लगेच रद्द करू नका. दोन दिवस वापरा आणि मग ठरवा.

काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं, याचं सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाही. मोतीबिंदू असलेल्याच्या डोळ्यात मोठा पांढरा पडदा चकाकतो, कारण गढूळ भिंगातून प्रकाश विखुरतो. अशांना काळी पार्श्वभूमी बहुधा सुखावते. ज्यांना तिरप्या नंबराचा, म्हणजे सिलिंडरचा, चष्मा लागतो त्यांतल्या अनेकांना मात्र काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरल्यासारखं दिसतं. दोन्ही लावून एकच पान वाचून पाहावं, हाच मार्ग.

पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशी जुळवा. पडद्याशेजारी एक कोरा कागद धरा. पडदा कागदाहून झगझगीत वाटला तर उजेड कमी करा, राखाडी वाटला तर वाढवा. पाठीमागे खिडकी असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं, समोर असेल तर डोळे दिपतात. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवणं हा बिनपैशाचा आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात जोरात चालते, त्यासाठी वेगळे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, संगणकासाठी अशा चष्म्यांची शिफारस करत नाही.

माउसचा बाण हरवणं ही छोटी वाटणारी पण दिवसभर छळणारी गोष्ट आहे. ॲक्सेसिबिलिटीत ‘माउस पॉइंटर अँड टच’मध्ये बाणाचा आकार १ पासून १५ पर्यंत वाढतो आणि रंगही बदलतो. पिवळा किंवा हिरवा, मोठा बाण बहुतेकांना झटकन सापडतो. माउसच्या जास्तीच्या सेटिंग्जमध्ये ‘पॉइंटर ऑप्शन्स’खाली एक चौकोन आहे. त्यावर खूण केली की कंट्रोल दाबताच बाणाभोवती वर्तुळं उमटतात. लिहिताना उघडमीट करणारी बारीक उभी रेघ दिसत नसेल तर ‘टेक्स्ट कर्सर’मध्ये ती जाड करता येते आणि तिला रंगीत खूण लावता येते. ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये आणखी तीन गोष्टी करून टाका. पारदर्शकता बंद करा, सरकपट्ट्या कायम दिसतील असं करा, आणि सूचना पडद्यावर राहण्याची वेळ ५ सेकंदांवरून वाढवा. ती ५ मिनिटांपर्यंत नेता येते.

एवढं करूनही एखादा नकाशा, वंशावळीचा तक्ता किंवा स्कॅन केलेलं जुनं पुस्तक वाचता येत नसेल तर विंडोजमधलंच भिंग वापरा. विंडोज कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग सुरू होतं, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. चुकून सुरू झालं आणि पडदा अचानक अवाढव्य झाला तरी हीच जोडी तारते, म्हणून ती कागदावर लिहून चिकटवून ठेवा. भिंग चालू असताना कंट्रोल, अल्ट आणि डी दाबलं तर पडद्याच्या वरच्या भागात मोठं केलेलं चित्र आणि खाली नेहमीचा पडदा अशी विभागणी होते. कंट्रोल, अल्ट आणि आय दाबलं तर रंग उलटे होतात.

ॲपलच्या मॅकवर यांतलं बहुतेक सगळं सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्ले आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन पानांवर आहे, आणि बाण हरवला तर माउस जोरात हलवला की तो क्षणभर मोठा होतो.

किती मोठं करावं हे मात्र आजार पाहून ठरवावं. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झालेल्याला समोरचंच अक्षर दिसत नाही, कडेचं दिसतं. त्याला भरपूर मोठ्या अक्षरांचा फायदा होतो. काचबिंदू वाढलेल्याचं उलट असतं. त्याच्या नजरेचं क्षेत्र कडेकडून आवळत येतं, म्हणून अक्षर प्रमाणाबाहेर मोठं केलं तर त्या लहान झरोक्यात शब्दच मावत नाही. त्याने आकार बेताचा ठेवून उठाव वाढवावा. मधुमेहींची नजर साखरेबरोबर दिवसागणिक बदलू शकते. त्यांनी एकच पक्कं सेटिंग न करता कंट्रोल-अधिकसारख्या पटकन बदलता येणाऱ्या युक्त्या हाताशी ठेवाव्यात.

चष्म्याबद्दलही सांगायला हवं. प्रोग्रेसिव्ह किंवा द्विनाभी चष्म्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरसाठी असतो. पडदा ५० ते ७० सेंटीमीटरवर असतो आणि शिवाय समोर असतो. मग माणूस हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून पडदा पाहतो आणि संध्याकाळी मान धरते. पडदा खाली घ्या आणि थोडा मागे झुकवा. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. तेवढ्या अंतरासाठी संगणकाचा वेगळा चष्मा करून मिळतो आणि रोज तीन-चार तास बसणाऱ्याला तो खर्च सार्थकी लागतो.

सगळं डोळ्यांनीच वाचायला हवं असंही नाही. एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की पान वाचून दाखवलं जातं. त्यात आरोही आणि मनोहर या नावांचे मराठी आवाज आहेत. लिहिण्यासाठी गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टंकलेखन होतं. दृष्टी फारच कमी असेल तर एनव्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य आहे.

नोकरीत असलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पन्नाशीतले अनेक लिपिक आणि शिक्षक दिसत नाही हे लपवतात, चुका होतील या भीतीने आकडे तीन-तीनदा तपासतात, पण साहेबांकडे मोठा पडदा मागत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टी हा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र प्रकार आहे. शासकीय आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला कामाच्या जागी योग्य त्या सोयी पुरवाव्यात असं हा कायदा सांगतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून त्याला नोकरीवरून काढताही येत नाही. नुसती चाळिशी यात बसत नाही, पण चष्मा लावूनही दिसत नसेल तर तपासणी करून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

शेवटी एक बजावून सांगतो. अक्षर मोठं केल्याने वाचता येऊ लागतं, आजार थांबत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर वेळोवेळी, आणि मधुमेह असेल तर दरवर्षी, बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. सहा महिन्यांत दोनदा स्केल वाढवावं लागलं, सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या किंवा एकाच डोळ्याने अंधूक दिसतंय असं जाणवलं, तर सेटिंगशी खेळत बसू नका, लवकरात लवकर वेळ घ्या. आणि अचानक काळे ठिपके तरंगू लागले, विजेसारखे झोत दिसले किंवा नजरेवर कडेने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.